लिंबांच्या पायऱ्या आणि मृग बहाराचा ताण : अमाल्फी किनाऱ्याच्या प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

इटलीच्या दक्षिणेकडील अमाल्फी किनाऱ्याविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्या वाचकांनी विचारलेली गोष्ट आपल्या भागातील अनेकांच्या कामाची आहे.

प्रश्न : वरूड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. उन्हाळ्यात विहिरीला पाणी पुरत नाही म्हणून आम्ही आंबिया (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) सोडून मृग (पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारा) बहारच घेतो. दोन्ही मुलांची शिक्षणे आणि लग्ने झाली असून आता मी व पत्नी आयुष्यात एकदा परदेश पाहावा म्हणतो. अमाल्फी किनाऱ्यावर समुद्राच्या वर, उभ्या कड्यावर पायऱ्या पाडून लिंबाच्या बागा केल्या आहेत, हे आम्ही चित्रफितीत पाहिले आणि दोघांनाही तेच पाहायचे आहे. एका सहल कंपनीने नऊ दिवसांचा कार्यक्रम दिला आहे. त्यात व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसा व रोम असून अमाल्फीसाठी रोमहून एक दिवस ठेवला आहे. हा कार्यक्रम घ्यावा का? स्वतः जायचे तर कोणत्या महिन्यात जावे, कुठे राहावे, आणि लिंबाच्या बागेत आम्हाला पाय ठेवता येईल का? आमचे सगळे उत्पन्न शेतीचे असल्याने आयकर विवरणपत्र भरलेले नाही, त्यामुळे व्हिसाला अडचण येईल का?
— एक संत्रा उत्पादक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : बागेत पाय ठेवता येईल का, हा आपला प्रश्न मला या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून बाकीच्या गोष्टी मी त्याच्या सोयीने सांगतो. पाय ठेवता येईल; पण त्या कार्यक्रमाने गेलात तर येणार नाही. रोमहून सकाळी निघून रात्री परतायचे तर दिवसाचे सात-आठ तास बसमध्येच जातात, आणि उरलेल्या वेळात एका गावाच्या चौकात उतरून छायाचित्रे काढण्यापलीकडे काही होत नाही. व्हेनिस इटलीच्या उत्तर टोकाला आहे आणि अमाल्फी नेपल्सच्याही खाली दक्षिणेला, हे नकाशा समोर ठेवून एकदा पाहावे. आपण दोघे लिंबाच्या बागा पाहायला निघाला आहात, तर निम्म्याहून अधिक दिवस तिथेच काढावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

आता महिना. त्या किनाऱ्यावर मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले समजले जातात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही टोकाला जातात आणि १५ ऑगस्टच्या आसपास सारी इटली सुट्टीवर असते. नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत बोटी जवळजवळ बंद असतात आणि बरीच हॉटेलेही कुलुपात असतात. ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला पाऊस तिथे हलक्याने घेण्यासारखा नसतो. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये किनाऱ्याच्या पूर्व टोकाच्या सालेर्नो शहरात आणि त्याच्या लगतच्या गावांत एका रात्रीतल्या पुराने आणि दरडींनी ३०० हून अधिक माणसे गेली. सप्टेंबर उत्तम असला तरी आपल्याकडे तेव्हा पोळा, महालक्ष्म्या आणि खरिपाची कामे असतात. राहतो तो मे महिना, आणि तो आपल्याला अगदी जुळणारा आहे. मृग बहाराची तोड आटोपलेली असते, फुलोरा यावा म्हणून पाणी तोडून बाग ताणावर सोडलेली असते, ओलिताचा प्रश्नच नसतो, आणि मृग नक्षत्र लागायला अवकाश असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघून तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस परतावे, म्हणजे ताण तोडण्याच्या, म्हणजे पुन्हा पाणी देण्याच्या, वेळी आपण बागेत असाल. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर असताना तिथे दिवसा २० ते २५ अंश तापमान असते आणि सायंकाळी आठपर्यंत उजेड राहतो. आंबिया बहार घेणाऱ्यांना मात्र मी मे सुचवणार नाही, कारण फळगळीच्या दिवसांत बाग दुसऱ्याच्या भरवशावर सोडणे त्यांना परवडणार नाही.

राहण्यासाठी बहुतेक लोक पोझितानो किंवा अमाल्फी गावाचे नाव घेतात. पोझितानो सुंदर आहे, पण ते सगळे गावच जिन्यांचे आहे आणि तिथल्या खोल्यांचे भाडे आपल्यासारख्यांना जड जाते. आपल्यासाठी मी मायोरी किंवा तिला लागूनच असलेली मिनोरी ही गावे सुचवीन. मायोरीला या किनाऱ्यावरची सर्वांत लांब पुळण आहे आणि गावाचा मोठा भाग सपाटीवर आहे. मुख्य म्हणजे या दोन गावांना जोडणारी जुनी पायवाट थेट लिंबाच्या बागांमधून जाते. तिला तिथे ‘लिंबांची वाट’ असेच म्हणतात. मोटाररस्ता होण्यापूर्वी माणसे आणि माल याच वाटेने जात असत. अंतर अडीच-तीन किलोमीटरचे आहे, चढ-उताराच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, पण सकाळी निघाल्यास थांबत थांबत दोन तासांत सहज होते. मी ती वाट एकाच मुक्कामात तीनदा चाललो आणि तिन्ही वेळा मला वेगळे काहीतरी दिसले.

तिथे काय पाहावे, हे एका बागाईतदाराला सांगण्याचा आनंद मला मनापासून होत आहे. त्या भागातील लिंबाला ‘स्फुसातो’ म्हणतात. ते लांबट, टोकाकडे निमुळते आणि जाड सालीचे असते, बिया अगदी थोड्या असतात, आणि साल इतकी सुवासिक असते की तिच्यापासूनच तिथले लिमोंचेल्लो हे मद्य करतात. २००१ पासून या लिंबाला युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन आहे. आपल्या नागपुरी संत्र्याला ते भारतात २०१४ मध्ये मिळाले. झाडे मोकळी वाढू देत नाहीत. चेस्टनटच्या लाकडाचे खांब आणि आडव्या बल्ल्या बांधून मांडव करतात, द्राक्षाच्या मांडवासारखाच, आणि फांद्या त्यावर बांधून पसरवतात. थंडीत वारा आणि गारपीट यांपासून झाड वाचावे म्हणून मांडवावर पूर्वी झाडांच्या डहाळ्या टाकत, आता काळी जाळी टाकतात. गारपिटीने एका दुपारी बाग गेलेली ज्याने पाहिली आहे, तो त्या जाळीखाली जरा अधिक वेळ थांबेल.

बागेखालची जमीन मात्र निसर्गाने दिलेली नाही. कडा फोडून, दगड रचून, त्यामागे माती भरून पिढ्यान्पिढ्या ती तयार केली आहे. भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही. दगडांच्या फटींतून पावसाचे पाणी झिरपून जाते, म्हणून मागच्या मातीचा दाब वाढत नाही आणि भिंत टिकते. सातपुड्याच्या पायथ्याशी आपले जुने लोक दगडी बांध घालत त्यामागचा विचार हाच होता. या कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि हा संपूर्ण किनारा १९९७ पासूनच जागतिक वारसा आहे. भिंतीची देखभाल थांबली की पाणी तुंबते, फुगवटा येतो, आणि एक पायरी ढासळली की खालच्याही ढासळतात. मजुरी महाग आणि तरुण मुले शहरात, ही तिथल्या बागाईतदारांची अडचण मला ऐकावी लागली तेव्हा आपल्याच गावच्या पारावर बसल्यासारखे वाटले. उतारावर ट्रॅक्टर चढत नाही, त्यामुळे माल खांद्यावर किंवा खेचरावर उतरतो. पूर्वी हे ओझे वाहणाऱ्या बायकांना ‘फोर्मिकेल्ले’ म्हणजे मुंग्या म्हणत. पन्नास किलोहून अधिक वजनाची टोपली घेऊन त्या शेकडो पायऱ्या उतरत असत.

बाग आतून पाहायची असेल तर अमाल्फी आणि मिनोरी येथील काही बागाईतदार कुटुंबे आगाऊ नोंदणीने आपल्या बागा दाखवतात. त्यासाठी हॉटेलमालकाला आधी लिहावे. आपण संत्रा उत्पादक आहात हे त्या पत्रात अवश्य लिहा, बागेची व तोडीची चार छायाचित्रेही सोबत ठेवा. दुभाषी लागला तरी बोलणे झाडापाशी आपोआप सुरू होते. कलमाला खुंट कोणता वापरतात, छाटणी कधी करतात, डिंक्या रोगाला काय करतात, हे विचारा. तोड तिथे साधारण फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते, म्हणून मेमध्ये झाडावर फळ आणि खाली भरलेली टोपली दोन्ही दिसतील.

एक कळकळीची विनंती आहे. तिथली कलमाची डोळकाडी, रोप किंवा बी खिशात घालून आणण्याचा मोह होईल, तो आवरा. परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र यांशिवाय लागवडीचे साहित्य भारतात आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. इटलीतील लिंबावर ‘मल सेक्को’ नावाचा बुरशीजन्य रोग आहे, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात आणि झाड जाते. तो आपल्याकडे नाही आणि येऊही नये. उलट आपल्याकडे सायला किडीतून पसरणारा ग्रीनिंग रोग युरोपातील बागांत शिरलेला नाही. त्यामुळे आपली संत्रीही भेट म्हणून नेता येणार नाहीत. प्रमाणपत्राविना युरोपात नेता येणारी ताजी फळे अननस, नारळ, ड्युरियन, केळी व खजूर एवढीच आहेत. नागपूरची संत्रा बर्फीही राहू द्या, कारण तिच्यात खवा असतो आणि बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे.

जाण्याची व्यवस्था अशी करावी. नागपूरहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे रोमला उतरावे. विमानतळावरून शहरातील तेर्मिनी स्थानकापर्यंत लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत नेते, तिचे भाडे १४ युरो आहे. तेर्मिनीहून सालेर्नोला थेट वेगवान गाडी सुमारे दोन तासांत पोचते आणि तिचे तिकीट जितके आधी काढाल तितके स्वस्त पडते. सालेर्नोच्या पुढे किनाऱ्याने रेल्वे नाही. बंदर स्थानकापासून चालत जाण्याएवढे जवळ आहे, तिथून बोटीने मायोरी किंवा मिनोरी गाठावी. अमाल्फी किनाऱ्यावर सहा रात्री आणि परतताना रोममध्ये दोन रात्री एवढेच ठेवा. त्या सहा दिवसांत एक दिवस लिंबांची वाट, एक दिवस बागेची भेट व अमाल्फी गाव, एक दिवस डोंगरावरचे रावेल्लो गाव, एक दिवस बोटीने पोझितानो, आणि दोन दिवस मोकळे. मोकळे दिवस वाया गेले असे समजू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. परतीच्या शेवटच्या बोटीवर विसंबून पोझितानोला थांबलो, दुपारी वारा उठला, बोट रद्द झाली, आणि रस्त्यावर भरून आलेल्या दोन बसगाड्या न थांबता निघून गेल्या. रात्री साडेदहाला मुक्कामी पोचलो. पाठीशी मोकळा दिवस होता म्हणून दुसऱ्या दिवशी विश्रांती घेता आली.

अमाल्फी गावात चर्चच्या उंच पायऱ्यांसमोर सगळे थांबतात, पण तिथून वर चढत जाणारी गिरण्यांची दरीही पाहावी. मध्ययुगात हे छोटे गाव स्वतंत्र सागरी सत्ता होते, अरब देशांशी त्याचा व्यापार होता, आणि चिंध्यांपासून हातकागद करण्याची कला तिथे फार लवकर रुजली. दरीतल्या जुन्या कागदगिरणीत आता संग्रहालय आहे, तिथे कागद करून दाखवतात. रावेल्लो साडेतीनशे मीटर उंचीवर असून व्हिला रुफोलोच्या बागेतून खालचा सारा किनारा दिसतो. जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर १८८० मध्ये तिथे आला होता आणि ती बाग पाहून आपल्या ऑपेरातील जादूची बाग सापडल्याचे त्याला वाटले, अशी नोंद आहे. पोझितानोसाठी अर्धा दिवस पुरे.

आता व्हिसा. इटलीसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांना सामाईक असलेला, व्हिसा लागतो. त्याचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो असून अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीत करा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत. पारपत्र परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवे, आणि किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र नसणे हा गुन्हा नाही, पण अर्ज तपासणाऱ्याला ही गोष्ट आपोआप कळणार नाही. म्हणून सोबतच्या पत्रात ती सरळ लिहावी आणि सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व माल विकल्याच्या पट्ट्या जोडाव्यात, सगळ्यांचे इंग्रजी भाषांतर करून. खरी अडचण निराळीच असते. आपल्याकडे झाडावरचा माल व्यापाऱ्याला ठोक देतात आणि पैसे रोखीने घरात येतात. खात्यावर वर्षभर काही नाही आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम चार लाख जमा, असे विवरण दिसले की शंका येते. यंदाच्या तोडीचे पैसे इसारापासून शेवटच्या हप्त्यापर्यंत खात्यातूनच घ्या. मुलांपैकी कोणी खर्च करणार असेल तर त्याचे पत्र व त्याची कागदपत्रेही जोडा. विमानाची तिकिटे मात्र व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारी काढू नका.

प्रश्न : माझे माहेर वणी तालुक्यातले. आई ६६ वर्षांची आहे, माळकरी आहे, अंडेही खात नाही, आणि तिचे गुडघे दुखतात. तिला समुद्र दाखवायचा आहे आणि मला अमाल्फीला जायचे आहे. तिला घेऊन जाणे शक्य आहे का? तिथे ती काय खाईल? ती नऊवारी सोडून दुसरे काही नेसत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : शक्य आहे, आईंना अवश्य घेऊन जा, फक्त मुक्काम सालेर्नोला करा. सालेर्नो हे नित्याचे, सपाट, रेल्वेस्थानक असलेले शहर आहे. समुद्रालगत झाडांच्या सावलीतला लांब रस्ता आहे, बसायला बाके आहेत, आणि किनाऱ्यावरच्या गावांच्या मानाने भाडे बरेच कमी आहे. तिथून बोट पकडली की अमाल्फी सुमारे ३५ मिनिटांवर आणि पोझितानो सव्वा तासाच्या आसपास आहे. हा किनारा बोटीतूनच सर्वांत चांगला दिसतो. कडा, त्यावर चिकटलेली घरे आणि वर लिंबांच्या पायऱ्या हे सगळे एका नजरेत येते, आणि आईंना एकही जिना चढावा लागत नाही. अमाल्फीला उतरल्यावर बंदराजवळचा चौक सपाट आहे. रावेल्लोला अमाल्फीहून बस जाते आणि तिथला चौकही सपाट आहे. पोझितानोला आईंना उतरवूच नका, बोटीतूनच दाखवून आणा. पश्चिमेकडच्या सोर्रेंतो गावाहून येणारा घाटरस्ताही त्यांच्यासाठी टाळा, वळणांनी भल्याभल्यांना मळमळते.

खाण्याचा प्रश्न आपण समजता तितका अवघड नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतील. टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बेझिल पानांचा पास्ता, लिंबाचा पास्ता, भाजलेली वांगी-भोपळी मिरची, वालासारख्या शेंगांची उसळ, भाकरीसारखा जाड पाव आणि उत्तम फळे सगळीकडे मिळतात. साधा वाळवलेला पास्ता दक्षिणेत रवाळ गव्हाचा, अंड्याविना असतो. ताज्या पास्त्यात मात्र अंडे असू शकते, म्हणून विचारावे. फसवणाऱ्या गोष्टी तीन आहेत. पहिली चीज : पार्मेझान आणि त्या प्रकारची बरीच चीजे वासराच्या जठरातील रेनेट घालून विरजतात, तेव्हा माळकरी माणसाने चीज पूर्ण टाळलेलेच बरे. दुसरी चरबी : नेपल्सकडची ‘स्फोल्यातेल्ला’ ही पापुद्र्यांची मिठाई दिसायला आपल्या चिरोट्यासारखी असली तरी तिच्यात परंपरेने डुकराची चरबी असते. तिसरी मासळी : चेतारा गावचा ‘कोलातुरा’ हा खारवलेल्या छोट्या माशांचा अर्क पास्त्यावर घालतात आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एका कागदावर ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा उओवा, सेन्त्सा फोर्माज्यो’ म्हणजे मांस, मासे, अंडी व चीज नको, असे इटालियनमध्ये लिहून घ्या आणि वाढप्याला दाखवा. ते लोक अशी विनंती मनावर घेतात. उपाहारगृहे दुपारी तीननंतर बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आत सहसा उघडत नाहीत. आईंची जेवणाची वेळ सातची असेल तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. भाजणी, मुगाची डाळ, तीळ-जवसाची चटणी नेता येते. तूप, खवा, पेढे नेता येत नाहीत. तूप इथेच ठेवून जा.

नऊवारीची काळजी मुळीच करू नका. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत असा नियम असतो, आणि त्यात आईंइतके निश्चिंत कोणीच नसेल. बोटीत चढताना फळीवरून जावे लागते, त्या वेळी ओचा नीट खोवून घ्यावा आणि पायात घट्ट बसणारे जोडे असावेत, चपला नकोत. गुडघे बरे असतील त्या दिवशी एक वेगळी फेरीही करा. सालेर्नोहून दक्षिणेकडे रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर पाएस्तुम आहे. तिथे सपाट मैदानात ग्रीकांनी इसवी सनापूर्वी सहाव्या-पाचव्या शतकांत बांधलेली तीन देवळे उभी आहेत, आणि आजूबाजूला म्हशींचे मोठाले गोठे आहेत. आईंनी घरी म्हशी सांभाळल्या असतील तर देवळांपेक्षा त्या गोठ्यातच त्यांचा वेळ अधिक जाईल, त्यासाठी मुद्दाम दोन तास राखून ठेवा.

प्रश्न : आम्ही चार मित्र ऑगस्टमध्ये मोटार भाड्याने घेऊन हा किनारा फिरणार आहोत. काही सूचना?
— एक शिक्षक, जि. चंद्रपूर

उत्तर : मोटार घेऊ नका. एकच रस्ता आहे, तो एकोणिसाव्या शतकात घोडागाड्यांच्या काळात कड्यात कोरला, आणि आजही दोन बसगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावे लागते. गाड्या उजव्या बाजूने चालतात, भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, गर्दीच्या दिवसांत क्रमांकाच्या सम-विषम अंकाप्रमाणे वाहनांना बंदी असते, आणि वाहनतळाचे भाडे जेवणाहून जास्त पडते. बसचे तिकीट तंबाखूच्या दुकानात आधीच घ्यावे आणि बसमधील यंत्रात ते ठसवून घ्यावे. सोर्रेंतोहून अमाल्फीकडे जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. तुम्ही तरुण असाल तर आगेरोलातील बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंतची ‘देवांची वाट’ पायी करा. ती साधारण सहा-सात किलोमीटरची आहे, बोमेरानोहून निघाल्यास उतार अधिक लागतो, आणि वाटेत सावली जवळजवळ नाही. ऑगस्टमध्ये ती सकाळी सातच्या आत सुरू करावी लागेल. सुट्टी बदलता येत असेल तर दिवाळीच्या सुट्टीपेक्षा उन्हाळ्याची निवडा, असेच मी सांगेन.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. त्यांच्यासोबतचे आमच्याच गावचे एक जण परत आले नाहीत. मुलगा व सून अमाल्फीला जाणार आहेत. वाटेत त्या सैनिकांचे स्मारक कुठे लागते का?
— एक माजी सैनिक, जि. बुलढाणा

उत्तर : लागते, आणि आपल्या मुलाने तिथे अवश्य थांबावे. रोम आणि नेपल्स यांच्यामध्ये कॅसिनो गाव आहे. १९४४ च्या पहिल्या पाच महिन्यांत तिथल्या डोंगरासाठी फार मोठी लढाई झाली आणि भारतीय सैन्याच्या तुकड्या तिच्यात होत्या. गावालगतच्या राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमीत इटलीच्या मोहिमेत पडलेल्या ज्या सैनिकांचे थडगे सापडले नाही अशा चार हजारांहून अधिक जणांची नावे संगमरवरी शिळांवर कोरली आहेत. नाईक यशवंत घाडगे यांचे नाव त्यांत आहे. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे हे जवान १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला, त्यांचा देह मिळाला नाही. उंब्रिया प्रांतातील मोंतोने येथे २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले आहे, पण ते अमाल्फीच्या वाटेवर नाही.

बहुतेक वेगवान गाड्या कॅसिनोला थांबत नाहीत. रोमच्या तेर्मिनीहून साध्या प्रादेशिक गाडीने जावे लागते, सुमारे दोन तास लागतात, आणि तिकीट कागदी असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात ठसवावे लागते. सकाळी निघून दुपारपर्यंत तिथे थांबावे आणि पुढे त्याच मार्गाने नेपल्सकडे जाऊन सालेर्नोची गाडी धरावी. गावच्या त्या जवानाचे नाव, पलटणीचा क्रमांक आणि मृत्यूचे वर्ष माहीत असेल तर राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येते. जुन्या इंग्रजी नोंदींत मराठी नावे निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेली आहेत, म्हणून आडनावाचे चार-पाच पर्याय करून पाहावेत आणि वडिलांचे व गावाचे नाव जुळते का ते तपासावे. नोंद सापडली की शिळेचा क्रमांक मुलाला लिहून द्या, आणि त्या जवानाच्या घरी आज कोणी असेल तर मुलगा निघण्यापूर्वी त्यांच्याकडे एकदा जाऊन या.